पिसांची उशी घरी धुताना: धुणं सोपं, वाळवणं अवघड

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त पुनरुक्ती काढलीय.)



आजचा विषय उशी. त्यातही पिसांची उशी. गेल्या काही महिन्यांत यावर इतके निरोप आलेत की मला जरा आश्चर्यच वाटलं. आपल्याकडे उशी म्हणजे कापसाची किंवा सावरीच्या कापसाची. पिंजारी सोसायटीत यायचा, खाली आवारात बसून कापूस पिंजून द्यायचा, त्याच्या धनुकलीचा आवाज चौथ्या मजल्यावर यायचा. पिसांची उशी हा आपला प्रांत नव्हता. पण आता मुलगा जर्मनीहून येताना घेऊन येतो, कुणी हॉटेलात झोपून आल्यावर ऑनलाइन मागवतं, कुणाला लग्नात भेट मिळते. उशी महाग असते, मऊ असते. दोन वर्षांनी तिच्यावर घामाचे पिवळे डाग पडतात आणि मग प्रश्न येतो, हिचं आता करायचं काय?

बोरिवलीच्या एका काकूंचा निरोप आधी सांगते. त्या म्हणतात, "ऑगस्टमध्ये दोन उशा मशीनला लावल्या. दोन दिवस ग्रिलमध्ये ठेवल्या, रात्री पंख्याखाली ठेवल्या. हाताला कोरड्या लागल्या म्हणून अभ्रे घातले. आता आठवडा झाला, उशीला कुबट वास येतोय. नात माझ्याजवळ झोपते, तिला आधीपासून दमा आहे. चार रात्री ती पहाटे खोकतेय. उशीमुळे असेल का? उशा सहा हजारांच्या आहेत हो, टाकवत नाहीत."

काकू, नातीचा खोकला कशामुळे आहे ते इथे बसून मी सांगू शकत नाही. ते डॉक्टर तिला तपासून सांगतील आणि दमा असलेलं मूल चार रात्री खोकत असेल तर आज-उद्याच दाखवा. पण उशीपुरतं उत्तर सोपं आहे. कुबट वास येणारी उशी आज रात्री त्या मुलीच्या डोक्याखाली नको. ती दुसऱ्या खोलीत ठेवा. तिचं पुढे काय करायचं ते थोड्या वेळाने सांगतेच.

आजच्या भागात मला एकच मुख्य गोष्ट सांगायची आहे. पिसांची उशी धुण्याने सहसा बिघडत नाही. ती न वाळल्याने बिघडते. आणि आपण राहतो मुंबईत, जिथे वर्षातले चार महिने रुमालसुद्धा धड वाळत नाही. त्यामुळे परदेशातले व्हिडिओ बघून धुवायला जाऊ नका. त्यांच्या घरात ड्रायर असतो, आपल्याकडे दोरी असते.

आधी ओळखा, उशीत आहे काय?

सगळ्यात पहिलं काम म्हणजे उशीच्या शिवणीत असलेलं लेबल शोधायचं. त्यावर 'डाउन' किंवा 'फेदर' लिहिलं असेल तर ती खरी पिसांची. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीजवळचा मऊ पिंजलेला भाग, त्याला काडी नसते. फेदर म्हणजे काडी असलेलं पीस. बहुतेक उशांत दोन्ही मिसळलेलं असतं.

आता गंमत ऐका. 'फेदर टच', 'फेदर सॉफ्ट', 'डाउन अल्टरनेटिव्ह', 'हॉटेल पिलो' अशा नावांनी मिळणाऱ्या कितीतरी उशांत एकही पीस नसतं. ते मायक्रोफायबर असतं, म्हणजे पॉलिएस्टर. घरात पिसं चालत नाहीत म्हणून घाबरून विचारणाऱ्यांनी हे आधी बघावं. उशी चिमटीत दाबून बघा. बारीक काड्या टोचल्या तर पिसं. एखादा तंतू बाहेर आला असेल तर तो चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर पीस, वितळून टोकाला बारीक मणी झाला तर पॉलिएस्टर.

फायबरची उशी धुणं फार सोपं, ती लवकर वाळते. कापसाची आणि सावरीची उशी मात्र पाण्यात घालूच नका. कापूस गोळा होतो आणि आतून वाळत नाही. तिला ऊन द्यायचं आणि गरज पडली तर खोळ उसवून कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा.

एक शब्द इथेच स्पष्ट करते. आपण रोज बदलतो तो अभ्रा. त्याच्या आत पिसं भरलेली असतात ती खोळ, ती शिवून बंद केलेली असते. आज मी खोळ म्हणेन तेव्हा ती कधीही उघडायची नाही असं समजा. एकदा उघडलीत की पिसं घरभर होतील, न्हाणीच्या जाळीत अडकतील, मशीनच्या फिल्टरमध्ये जातील. आणि ज्याला दमा आहे त्याच्या नाकातही जातील.

ही उशी धुण्यालायक आहे का?

धुण्याआधी उशीची परीक्षा घ्या. उशी मध्ये दुमडा, दाबून हवा काढा आणि सोडून द्या. ती आपली आपण उघडली, तर पिसांत जीव आहे. दुमडलेलीच पडून राहिली, तर आतली पिसं मोडून गेलीत. अशी उशी धुतल्याने परत फुगत नाही. तिच्यावर पाणी, साबण आणि तुमचे दोन दिवस घालवू नका.

मग खोळ उजेडात धरून शिवणी बघा. कुठे दोरा निघालाय, कुठे भोक आहे? बारीक सुईने घट्ट टाका घाला. भोक असेल तर ठिगळ लावा. ओली पिसं जड होतात, मशीनमध्ये त्यांचा जोर शिवणीवर येतो आणि कमजोर शिवण तिथेच फाटते.

आणि लेबलवरची चित्रं बघा. पाण्याच्या टबचं चित्र आणि त्यात 40 असा आकडा असेल तर 40 अंशांपर्यंतच्या पाण्यात धुता येते. टबमध्ये हात असेल तर हाताने. टबवर फुली असेल तर घरी धुवायची नाही, विषय संपला.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू: वजनकाटा

आता काकूंच्या निरोपातलं एक वाक्य आठवा. "हाताला कोरड्या लागल्या." घोटाळा इथेच होतो. पिसांच्या उशीची खोळ फार दाट विणलेली असते, पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून. ती खोळ चार तासांत वाळते. हाताला कोरडी लागते. पण आत मध्यभागी पिसांचे ओले गोळे तसेच असतात. दाट विणीमुळे आतली वाफ बाहेर यायला वेळ लागतो. म्हणजे तुमचा हात फक्त खोळीची परीक्षा घेतो, पिसांची घेत नाही.

म्हणून धुण्याआधी उशीचं वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल किंवा विमानप्रवासाच्या बॅगेसाठी आकड्याचा काटा असतो तो चालेल. उशी अभ्रा काढून पिशवीत घाला, पिशवीचं वजन वजा करा. समजा 940 ग्रॅम आलं. ते कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. उशी वाळवताना रोज वजन करायचं. जोपर्यंत काटा 940 च्या वर आहे, तोपर्यंत आत पाणी आहे. 940 किंवा किंचित कमी आलं, कारण घाम आणि मळ निघून गेला, की उशी वाळली. वजन 100 ग्रॅम जास्त आहे म्हणजे अर्धा कप पाणी आत बसलंय. अर्धा कप पाणी घातलेल्या उशीवर तुम्ही मुलाला झोपवाल का?

दुसरी खूण वासाची. ओल्या पिसांना बदकासारखा, पाळीव प्राणी भिजल्यासारखा वास येतो. त्याने घाबरू नका, तो पिसांचा स्वभाव आहे. वाळल्यावर तो जातो. वास राहिलाय म्हणजे ओल राहिलीय. अत्तर, कापूर, धूप यांनी तो झाकू नका. झाकलात तर तुमची सूचना देणारी घंटाच बंद केल्यासारखं होईल.

कधी धुवायची?

हवामान खात्याच्या सरासरी तारखांप्रमाणे मुंबईत पाऊस 11 जूनच्या सुमारास येतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या काळात पिसांची उशी घरी धुवायची नाही. बरेच जण दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या उशा-गाद्या काढतात. ऑक्टोबरात ऊन कडक असतं हे खरं, पण अचानक संध्याकाळी गडगडाट होऊन सरी येतात. गच्चीवर उशी आणि तुम्ही अंधेरी स्टेशनला. कशाला?

आपल्यासाठी उत्तम काळ डिसेंबर ते मार्चची सुरुवात. दुपारची हवा तेव्हा वर्षातली सगळ्यात कोरडी असते. मे महिन्यात ऊन असतं, पण हवेत इतका दमटपणा की आपण स्वतः वाळत नाही तर उशी काय वाळणार? वर्षातून एकदा धुणं बहुतेक घरांना पुरतं. ज्यांचं माहेर नाशिकला किंवा पुण्याला आहे त्यांनी उशी माहेरपणाला नेली तरी हरकत नाही. हे मी अर्धं गमतीने म्हणतेय, पण तिथल्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत काम खरंच निम्म्या वेळात होतं.

आता धुऊ या

सकाळी पालिकेचं पाणी येतं तेव्हाच धुवा. याला कारण आहे. तलावांचं पाणी मऊ असतं, साबण लवकर निघतो. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी बऱ्याचदा जड असतं, त्यात साबणाचा चिकट थर पिसांवर राहतो आणि पिसं एकमेकांना चिकटतात. निदान शेवटचं खळबळणं तरी पालिकेच्या पाण्यात करा.

साबण कोणता? लोकरीच्या कपड्यांसाठी जो पातळ, सौम्य साबण मिळतो तो. एका उशीला एक मोठा चमचा पुरे. कपड्यांची नेहमीची पावडर नको. पीस हे केराटिनचं असतं, म्हणजे आपल्या केसांसारखं, नखांसारखं प्रथिन. अनेक पावडरींत प्रथिनांचे डाग फोडणारे एन्झाइम असतात, ते पिसांनाही कमजोर करू शकतात. ब्लीच तर अजिबात नको, ते केराटिन खातं. कपडे मऊ करणारं कंडिशनरही नको, त्याने पिसांवर थर बसतो आणि उशी फुगत नाही. रिठा चालतो का असं मुलुंडहून एका ताईंनी विचारलंय. चालतो, रेशमाला वापरतोच की आपण. फक्त पाणी दोनदा कपड्यातून गाळून घ्या, नाहीतर पांढऱ्या खोळीवर तपकिरी छटा राहते.

मशीनमध्ये धुणार असाल तर दोन उशा समोरासमोर घाला म्हणजे ड्रम तोल धरतो. एकच असेल तर सोबत दोन टॉवेल. मध्ये उभा दांडा असलेल्या जुन्या टॉप लोड मशीनमध्ये मात्र नको, उशी पिळवटून फाटते. कोमट पाणी, नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, दोन वेळा जास्तीचं खळबळणं. पाण्यात फेस दिसेनासा झाला पाहिजे. मग आधी हळू वेगाचं स्पिन आणि नंतर पुन्हा एकदा स्पिन. स्पिन जितकं चांगलं, तितका वाळवण्याचा एक दिवस वाचतो.

हाताने धुणार असाल तर मोठा टब घ्या. उशी पाण्यात बुडवून तळव्यांनी दाबा आणि सोडा. पोळीची कणीक मळतो तसं हळूहळू. चोळायचं नाही, पिळायचं नाही. पाणी चार-पाच वेळा बदला. बाहेर काढताना एका टोकाला धरून उचलू नका, ओली उशी चांगलीच जड असते, शिवण फाटेल आणि पाठही धरेल. दोन्ही हात खाली घालून बाळासारखी उचला. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा, टॉवेल बदला, पुन्हा दाबा.

दोन दिवसांची शर्यत

ओल्या वस्तूवर बुरशी धरायला साधारण 24 ते 48 तास पुरतात. म्हणून आपल्याकडे वेळ दोन दिवसांचा आहे. दोन दिवसांत वजन जवळजवळ परत यायला हवं.

शक्य असेल तर सोसायटीची गच्ची मिळवा. सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगा, किल्ली वॉचमनकडून घ्या. उशी दोरीला लटकवू नका, सगळी पिसं खाली जमतात. कपडे वाळवायच्या स्टँडवर किंवा खाटेवर आडवी ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. वरून जुनी पातळ सुती साडी पांघरा. कावळे-कबुतरं घाण करतात. शिवाय उपनगरात दर तिसऱ्या गल्लीत पुनर्विकास चाललाय, सिमेंटची धूळ उशीत जायला नको.

दर तासा-दीड तासाने उशी उलटा आणि हाताने फोडा. फोडा म्हणजे आत चाचपून ओले गोळे शोधा आणि खोळीवरूनच बोटांनी मोकळे करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळं यश यातच आहे. न फोडलेला गोळा आठवडाभर वाळत नाही. चार-साडेचारला, ऊन उतरायच्या आत, उशी खाली आणा. संध्याकाळच्या हवेतला दमटपणा पिसं शोषून घेतात. रात्री पंख्याखाली ठेवा. एसी असेल तर ड्राय मोडवर खोली बंद करून ठेवा.

गच्ची नसेल, खिडकीला ग्रिल असेल, तर ग्रिलच्या आतच ठेवा. बाहेरच्या छज्जावर वाकून उशी ठेवण्याचा प्रकार करू नका. उशी पडली तर पडली, माणूस जायला नको.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वजन अजून बरंच जास्त असेल तर थांबू नका. मोठा ड्रायर असलेल्या जवळच्या लॉन्ड्रीत घेऊन जा. अंधेरी, पवई, मुलुंड, घाटकोपर, सगळीकडे अशा लॉन्ड्र्या झाल्यात. त्यांना स्पष्ट सांगा, ड्राय क्लीन नको, कमी उष्णतेवर फक्त वाळवून हवी. घरच्या मशीनमध्ये ड्रायर असेल तर एका वेळी एकच उशी, कारण अशा मशीनची वाळवायची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते. दोन टेनिस बॉल पांढऱ्या मोज्यात बांधून सोबत टाका. ते आपटून गोळे फोडतात. क्रिकेट खेळणारं पोर घरात असेल तर बॉल शोधावे लागणार नाहीत. दर अर्ध्या तासाने थांबवून उशी फोडायची. दोन-तीन तास लागतात.

जे करायचं नाही तेही सांगते. ओल्या उशीवर इस्त्री फिरवायची नाही. हेअर ड्रायर उशीत खुपसून ठेवायचा नाही. हीटरसमोर, गॅसच्या ओट्याजवळ, स्टॅबिलायझरवर ठेवायची नाही. पिसं आणि सुती कापड दोन्ही पेट घेतात, आणि ओल असलेल्या वस्तूजवळ विजेचं उपकरण म्हणजे शॉकचाही धोका.

पावसाळ्यात काही सांडलं तर?

हा घाटकोपरचा प्रश्न. "जुलैमध्ये मुलाने उशीवर हळदीचं दूध सांडलं, आता डिसेंबरपर्यंत थांबू का?" नाही. त्यावर युक्ती आहे. डाग पडलाय तिथली पिसं खोळीच्या आत दुसरीकडे ढकला आणि त्या जागेची नुसती खोळ गोळा करून तिला रबरबँड बांधा. आता तेवढाच कापडाचा गुच्छ साबणाच्या पाण्याने धुवा. पिसांना पाणी लागत नाही. टॉवेलने टिपा, पंख्याखाली वाळवा, मग रबरबँड सोडा. दूध आत झिरपलं असेल तर मात्र हे चालणार नाही, त्याच दिवशी ड्रायरवाल्या लॉन्ड्रीचा रस्ता धरा.

पुराचं पाणी लागलेली उशी मात्र धुवायचीच नाही, टाकायची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत काय काय शिरलं ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. त्या पाण्यात गटार असतं, उंदरांची लघवी असते, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. अशी उशी कितीही महाग असो, पिशवीत बंद करून कचऱ्यात.

पिसं, कबुतरं आणि फुफ्फुसं

2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं रान उठलं की त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "कबुतराच्या पिसांनी फुफ्फुसं खराब होतात, मग पिसांच्या उशीचं काय?"

प्रश्न योग्य आहे. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस नावाचा आजार आहे. पक्ष्यांची विष्ठा, पिसांमधली प्रथिनं, बुरशी, यांचे कण रोज श्वासातून आत गेले तर काही लोकांच्या फुफ्फुसांना सूज येते. भारतातल्या 27 केंद्रांमधल्या 1,084 रुग्णांची नोंद 2017 साली प्रसिद्ध झाली. हे सगळे फुफ्फुसांच्या एका विशिष्ट गटातल्या आजारांचे नवे रुग्ण होते. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना हाच आजार होता, आणि या निम्म्यांपैकी जवळजवळ अर्ध्यांचा एअर कूलरशी संबंध होता. म्हणजे दमट जागेतली बुरशी ही आपल्याकडे किरकोळ गोष्ट नाही. पिसांच्या अंथरुणामुळेही हा आजार झाल्याची उदाहरणं आहेत. 2019 मध्ये स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी एक प्रसिद्ध केलं. चाळिशीतल्या एका माणसाने पिसांची दुलई-उशी घेतली, त्याला धाप लागायला लागली. ती बदलल्यावर आणि औषधांनी तो बरा झाला.

पण घाबरून जाऊ नका. असं फार थोड्यांना होतं. आणि एक उलटी बाजूही ऐका. 1996 साली न्यूझीलंडमध्ये उशा तपासल्या, तेव्हा धुळीतल्या बारीक किड्यांमुळे होणारी ॲलर्जीची द्रव्यं पिसांच्या उशांपेक्षा पॉलिएस्टरच्या उशांत जास्त सापडली. पिसांच्या उशीची दाट खोळ त्या किड्यांना आत जाऊ देत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे दमा आहे म्हणून पिसांची उशी वाईट आणि फायबरची चांगली, असं सरसकट नाही. ओली राहिलेली कोणतीही उशी वाईट. आणि नवी उशी घेतल्यापासून कोरडा खोकला, जिना चढताना धाप, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना उशीबद्दल आणि खिडकीतल्या कबुतरांबद्दल आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

मग काकूंच्या उशांचं काय?

काकू, नाकाला फडकं किंवा मास्क लावा आणि अभ्रा काढून खोळ उजेडात बघा. काळे-हिरवे ठिपके दिसले तर उशी गेली. ते ठिपके वरून घासून जातील, आतली बुरशी जाणार नाही. मोठ्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि सुक्या कचऱ्यात द्या. कामवाल्या मावशींना "तुम्ही घेऊन जा" असं म्हणून देऊ नका. त्यांच्याही घरात नातवंडं आहेत.

ठिपके नसतील, नुसता वास असेल, तर एक संधी आहे. पुन्हा धुवून लगेच ड्रायरमध्ये पूर्ण वाळवून घ्या. त्यानंतर दोन दिवस पिशवीशिवाय मोकळी ठेवा आणि मग वास घ्या. गेला तर उशी तुमची, मोठ्यांसाठी. राहिला तर सहा हजार गेले असं समजा. नातीला मात्र या उशा परत देऊ नका. तिच्यासाठी धुता येणारी साधी फायबरची उशी घ्या आणि ती दोन वर्षांनी बदला. आणि ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी: एक वर्षाच्या आतल्या बाळाला कोणतीच उशी नको, पिसांची नाही आणि मोहरीचीही नाही.

अजून एक. वास जावा म्हणून उशीत डांबराच्या गोळ्या ठेवायची सवय असेल तर आजच बंद करा. त्यात नॅफ्थलीन असलं तर जी-6-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. अनेकांना आपल्या बाळाला ही कमतरता आहे हे माहीतही नसतं.

धुवायचीच वेळ कमी यावी म्हणून

अभ्र्याच्या आत चेन असलेलं एक सुती कव्हर घाला, म्हणजे घाम खोळीपर्यंत पोचत नाही. अभ्रे आठवड्याला धुवा, ॲलर्जी असेल तर 60 अंशांच्या पाण्यात, त्यात धुळीतले किडे मरतात. डोक्याला तेल लावून झोपणार असाल तर उशीवर जुना टॉवेल टाका. ओल्या केसांनी झोपू नका. सकाळी उठल्यावर लगेच अंथरूण झाकू नका, उशी तासभर मोकळी ठेवा. आठवड्यातून एकदा ऊन दिसलं की दोन तास खिडकीत. पावसाळ्यात उशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवू नका, सुती पिशवीत ठेवा.

उशी धुवायची ठरवली असेल तर आजच वजन करून ठेवा आणि कॅलेंडरवर डिसेंबरातला एखादा शनिवार-रविवार धरा. धुतल्यावर धुण्याआधीचं आणि वाळल्यानंतरचं वजन मला नक्की कळवा. पुढच्या भागात गोधड्या आणि दुलया घेऊ, त्यावरचे तुमचे प्रश्न पाठवा.

काळजी घ्या. भेटू या.